ऑफिसचा संगणक रॅम वाढवून सुधारला का? तुमचे अनुभव सांगा

जिंतूर तालुक्यात बाजाराच्या गावी माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पॅनकार्ड, सगळं एकाच मशीनवर. मागच्या खरिपात विम्याची शेवटची तारीख चार दिवसांवर आली आणि संगणक असा अडला की एक फॉर्म चढवायला पाऊण तास लागायला लागला. बाहेर ओट्यावर वीस-पंचवीस माणसं. त्यातली एक आजी पहिल्या गाडीनं आलेली. दुपारी तिनं तिथंच फडक्यातली भाकर सोडली आणि मला म्हणाली, "लेकरा, तुझं यंतर दमलंय का रं?" मला फार लागलं ते. तिचं काम दहा मिनिटांचं होतं.

रात्री शटर ओढल्यावर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. परफॉर्मन्समध्ये मेमरी ९४ टक्के, डिस्क १०० टक्के. रॅम, म्हणजे चालू कामं मांडायची मेमरी, होती ४ जीबी. क्रोमवर सात-आठ टॅब, स्कॅनरचं सॉफ्टवेअर, पीडीएफची साइज कमी करणारं एक, वर अँटिव्हायरस. एवढं चारात मावत नव्हतं. मावलं नाही की विंडोज उरलेलं हार्डडिस्कवर नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं. रॅमपुढं हार्डडिस्क फारच हळू, म्हणून कॅबिनेटचा दिवा सारखा पेटलेला आणि माऊसचा बाण जागच्या जागी. त्याच मेमरीच्या पानावर खाली 'स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २' दिसलं. म्हणजे एक जागा मोकळी होती.

दुसऱ्या दिवशी रॅमची जुनी स्टिक काढून खिशात घातली आणि परभणी गाठली. दुकानदाराला तीच दाखवली, त्याच जातीची, म्हणजे डीडीआर४, ४ जीबी घेतली. केंद्रावर परत येऊन वायर काढली, पॉवरचं बटण दोनदा दाबून धरलं, कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावला, मग आत हात घातला. काळ्या मातीची धूळ बोटभर साचलेली. ब्रशनं झाडली. स्टिकची खाच स्लॉटच्या उंचवट्यावर जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्यांनी दाबलं. एका बाजूची क्लिप 'टक्' वाजून बसली, दुसरी नाही, आणि ते माझ्या ध्यानात आलं नाही. चालू केलं तर पडदा काळा, नुसती बीप. छातीत धस्स झालं. पुन्हा बंद करून नीट दाबली, दुसरी क्लिपही वाजली, मग विंडोज आलं. ८ जीबी दिसली.

तेच टॅब, तेच काम, मेमरी आता साठ-पासष्ट टक्क्यांवर असते. पोर्टलवर गर्दी नसेल तर फॉर्म सहा-सात मिनिटांत होतो. सर्व्हरच मंद असला तर रॅम काही करू शकत नाही, हे मी आता येणाऱ्या माणसाला आधीच सांगून टाकतो.

तुमच्याकडं काय झालं ते लिहा. फायदा झाला नसेल तर ते आवर्जून लिहा.

लातूर, आडत दुकानातला मुनीम

आमच्याकडं फायदा झाला नव्हता, नंतर झाला. दिवाळीच्या आगंमागं सोयाबीनची आवक सुरू झाली की दिवसभर टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशेबाच्या पट्ट्या निघतात. ४ जीबीवर आणखी ४ टाकली. फरक शून्य. माय कॉम्प्युटरच्या प्रॉपर्टीजमध्ये बघितलं तर ८ जीबी, आणि पुढं 'वापरण्याजोगी ३.४१ जीबी'. विंडोज ३२-बिटचं होतं. त्याच्या हिशेबात ४ जीबीच्या वरची रॅम येतच नाही, आणि त्या चारातलीही काही जागा ग्राफिक्स वगैरे घेतं.

३२-बिटचं ६४-बिट करायचं तर विंडोज नव्यानंच टाकावं लागतं. वरच्यावर अपग्रेड होत नाही. शेठ म्हणाले, हंगामात हात लावायचा नाही. बरोबरच होतं, शेतकऱ्याची पट्टी थांबवून कसं चालेल? अमावस्येला बाजार बंद, त्या दिवशी केलं. टॅलीच्या डेटाचा बॅकअप दोन पेनड्राइव्हवर घेतला आणि दोन्ही दुसऱ्या संगणकात उघडून पाहिले, मगच फॉरमॅट मारला. आता बिल, वजनाचा तक्ता आणि व्हॉट्सॲप वेब सोबत उघडं राहतं.

भूम तालुका, शाळेतला लिपिक

मी नुकसान सांगतो. सादिलातून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशांतून, मोठ्या मिनतवारीनं मंजुरी घेऊन रॅम टाकली आणि मशीन होतं तसंच राहिलं. मुख्याध्यापकांसमोर मान खाली गेली. नंतर कळलं की मेमरी आधीही साठ टक्क्यांच्या आतच होती. १०० वर होती ती फक्त डिस्क, कारण दहा वर्षांची हार्डडिस्क आतून कुरकुरत होती. रॅम दुप्पट केल्यावर मेमरीचा आकडा तेवढा खाली आला. पुढच्या वर्षी २४० जीबीची एसएसडी, म्हणजे हार्डडिस्कच्या जागी चालणारी वेगवान डिस्क, बसवली. पूर्वी मशीन चालू करून मी परिपाठाला जायचो, परत यायचो तेव्हा कुठं डेस्कटॉप दिसायचा. आता अर्ध्या मिनिटात दिसतो. म्हणून म्हणतो, दोन्ही आकडे बघा. आधी रॅम घेतली नसती तर एसएसडी एक वर्ष लवकर आली असती.

धाराशिव, पतसंस्था

लॅपटॉप होता. उघडल्यावर समजलं की रॅम मदरबोर्डालाच डाखलेली, स्लॉटच नाही. खर्च वाचला. स्टार्टअपमधली नको ती ॲप बंद केली, थोडा फरक पडला.

उदगीर, संगणक दुरुस्ती

वीस वर्षं हेच काम करते, म्हणून थोडं सविस्तर. फोन येतो, "मॅडम, रॅम टाकूलालो, चालंल का?" मी म्हणते, आधी स्टिकवरच्या स्टिकरचा फोटो पाठवा. पीसी३ लिहिलं असेल तर डीडीआर३, पीसी४ असेल तर डीडीआर४. खाच वेगळ्या जागी असते, व्होल्टेज वेगळं असतं. जोर लावून बसवलेली आणि स्लॉट फोडून आणलेली मशिनं मी पाहिली आहेत, आणि बोर्ड बदलायचा खर्च रॅमपेक्षा कितीतरी जास्त. पीसी३ नंतर एल असेल तर ती कमी व्होल्टेजची, लॅपटॉपला बहुतेक तीच लागते.

दोन वेगळ्या वेगाच्या स्टिक एकत्र चालतात, पण दोन्ही हळू असलेलीच्या चालीनं. सारख्या दोन असतील तर उत्तम, ग्राफिक कार्ड नसलेल्या मशीनला त्याचा जास्त फायदा.

आणि एक. उन्हाळ्यात कूलरच्या दमट हवेत स्टिकच्या सोनेरी दातांवर मळ चढतो. निम्म्या 'बंद' मशिनी मी नुसत्या पेन्सिलच्या खोडरबरानं दात पुसून चालू करून दिल्या आहेत. त्याचे पैसे घ्यायला मन होत नाही.

जुन्या मशीनवर मात्र खर्च बेतानं करा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरच्या आधीच्या मशीनला, मोजके अपवाद सोडले तर, विंडोज ११ अधिकृतपणे मिळत नाही, रॅम कितीही घाला. त्यात २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत.

अंबाजोगाई, छपाई

लग्नसराईत कोरलड्रॉ आणि फोटोशॉप सोबत उघडलं की ८ जीबीवरही अडकतं. एक स्लॉट मोकळा आहे, दुसऱ्यात डीडीआर४ २६६६ वेगाची ८ जीबी आहे. गावात ३२०० ची मिळते आहे. घेऊ का? मशीन सातव्या पिढीचं आहे.

उदगीर, संगणक दुरुस्ती

घ्या. ती २६६६ किंवा बोर्ड देईल त्याहून कमी वेगानं चालेल, बिघडणार काही नाही. फक्त घेताना 'बसली नाही तर परत' एवढं बिलावर लिहून घ्या, आणि पहिली स्टिक आहे तिथंच राहू द्या.