नाताळचा कार्यक्रम सकाळी की संध्याकाळी? (आमच्या सोसायटीचा ग्रुप, सातारा)

सचिव: नमस्कार मंडळी. यंदा पार्किंगमध्ये नाताळचं झाड लावायचं ठरतंय. मुलांसाठी सांताक्लॉज, केक, खेळ. २५ तारखेला सकाळी ९ ते ११. कुणाला अडचण असेल तर आजच सांगा.

ए-१०२: मस्त. केकचं मी बघते.

बी-३०४: भाऊ, कार्यक्रम करताय, फार बरं वाटलं. फक्त वेळ संध्याकाळची ठेवाल का? सकाळी आमची नाताळची उपासना असते. सोसायटीतली आमची सगळी घरं चर्चमध्येच असतील.

सी-२०१: काकू, प्रार्थना घरीही होते ना? राग मानू नका, माहीत नाही म्हणून विचारतेय.

बी-३०४: अगं, राग कसला! घरी रोजच करतो. पण नाताळ घरात बसून पुरा होत नाही. येशूच्या जन्माची बातमी पहिल्यांदा कळली ती रात्री मेंढरं राखत बसलेल्या मेंढपाळांना. ते म्हणाले, चला, बेथलेहेमला जाऊन बघू, आणि सगळे मिळून गेले. बायबलमध्ये लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे बघ. पुढं येशूनंही सांगितलं, माझ्या नावानं दोघं-तिघं जमतात तिथं मी असतो. म्हणून आम्ही जमतो.

आमच्याकडं पेटी-तबल्यावर भजनं होतात. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचीही म्हणतो. ते अखेरच्या वर्षांत आपल्या साताऱ्यातच होते, 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा त्यांनी १९१७ मध्ये इथंच सुरू केला. आमच्यात एक आजी आहेत, आता त्यांना दिसत नाही. पोरं त्यांना हाताला धरून पुढच्या बाकावर आणून बसवतात. पुस्तक लागतच नाही त्यांना, एकेक कडवं पाठ. त्यांचा आवाज लागला की मागच्या बाकांनाही सूर सापडतो. आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना होते. शेवटी सगळे एकमेकांच्या हातात हात देतात, वर्षभर अबोला असला तरी. हे घरी एकट्यानं कसं व्हायचं?

ए-४०३: वहिनी, नातू विचारतोय, सांता येशूचा कोण लागतो?

बी-३०४: अण्णा, नात्यातला कुणी नाही, त्याचा भक्त म्हणा. निकोलस नावाचे बिशप होते, चौथ्या शतकातले, आजच्या तुर्कस्तानात. गरिबांना गुपचूप मदत करायचे, अशा त्यांच्या कथा आहेत. झाड बायबलमध्ये नाही, ती चाल जर्मनीकडून आली. थंडीतही हिरवं राहतं म्हणून आम्ही त्यात न संपणारं जीवन बघतो. घरावरचा तारा मात्र बायबलमधलाच, मागी म्हणजे पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना बाळापर्यंत घेऊन जाणारा.

डी-१०१: आणि २५ डिसेंबर?

बी-३०४: बायबलमध्ये तारीख दिलेली नाही. रोममध्ये ३३६ साली हा दिवस पाळल्याची नोंद आहे.

झाड जरूर लावा. पण माझं मागणं आहे, त्याखाली गव्हाण मांडा. १२२३ साली इटलीत संत फ्रान्सिस यांनी खरं गवत, खरा बैल आणि गाढव आणून गव्हाण उभी केली होती, लोकांना तो जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. येशूच्या आईवडलांना उतरायला जागा मिळाली नाही, बाळाला गुरांच्या गव्हाणीत निजवावं लागलं. देव तिथं आला, यावर आमचा सगळा विश्वास उभा आहे. सध्या ऊसतोड चालू आहे. फडाच्या कडेला साडीच्या झोळीत निजलेली बाळं बघितली की मला तीच गव्हाण आठवते. मुलांना भेटी देणारच आहात, तर मुलांच्या हातून टोळीवरच्या पोरांना स्वेटर, कानटोप्याही देऊ या का?

ए-१०२: मी तयार. माझ्याकडं लेकीचे चांगले स्वेटर आहेत.

सचिव: ठरलं. संध्याकाळी ६. कपडे २३ तारखेपर्यंत माझ्याकडं द्या, धुऊन, घडी करून. गव्हाणीला गवत?

ए-४०३: गावाकडनं पेंढी आणतो.

सी-२०१: काकू, सकाळी मी आणि आई आलो तर चालेल?

बी-३०४: या की! साडेआठला गेटपाशी थांबा, बरोबरच जाऊ. नंतर करंज्या खायला आमच्याकडं.