ततरीझ: निळा-लाल धागा आणि पॉपलीनवरची फुली

मोजणीवाली: लेबनॉनमधल्या निर्वासित छावण्यांत पॅलेस्टिनी बायका भरतात तसा ततरीझचा (त्यांच्या फुलीच्या भरतकामाचा) छातीवरचा चौकोन (कब्बा) कुर्त्यावर भरायचाय. निळा धागा विधवेचा, लाल सवाष्णीचा असं ऐकलं. सगळीकडे तसंच आहे का? आणि पॉपलीनचे दोरे मोजताच येत नाहीत, मग फुली कशी भरायची?

सुईदोरा: सगळीकडे नाही. रंगाचा हा संकेत मुख्यतः दक्षिणेकडचा, नकब (नेगेव्ह) आणि सिनाईच्या वाळवंटातल्या बेदुइन बायकांचा. त्यातही निळं म्हणजे फक्त विधवा नव्हे, बिनलग्नाच्या मुलीही निळ्यात भरत. विधवेने पुन्हा लग्नाचा विचार केला की त्याच निळ्यात लाल टाके वाढत. काही ठिकाणी सुतक आलं की भरतकाम केलेला झगाच नीळीत बुडवत. धुऊन धुऊन नीळ उतरायची आणि खालचं लाल हळूहळू वर यायचं. दुसरा झगा शिवायची गरजच नाही!

फुलीटाका: पॉपलीनवर १४ काउंटचा (इंचाला १४ फुल्या) वेस्ट कॅनव्हास, म्हणजे मोजणीपुरती लावून नंतर दोरे ओढून काढायची जाळी, टाचून घ्या, चारी बाजूंनी ३-४ सेंमी जास्त. त्याआधी कापड धुऊन आटवा, नाहीतर पहिल्या धुण्यात नक्षीभोवती चुण्या पडतात.

सहापदरी दोऱ्यातले दोन पदर घ्या, दोऱ्याची लांबी ४५ सेंमी. त्याहून लांब घेतला की लव सुटते. दुसुतीवर बोथट सुई चालते, इथे टोकदार लागते. सुई जाळीच्या भोकातूनच जाऊ द्या. जाळीचा दोरा टोचला गेला तर तो नंतर निघत नाही, ओढताना फुलीच उसवते. भरून झालं की पाणी शिंपडा, खळ सुटते. मग चिमट्याने एकेक दोरा ओढा, आधी सगळे आडवे, मग उभे.

वरचा टाका प्रत्येक फुलीत एकाच दिशेला हवा. चार फुल्या जरी उलट्या पडल्या तरी उजेडात डाग दिसतो.

१०० × १०० फुल्यांचा चौकोन साधारण १८ सेंमीचा होतो. ८ मीटरच्या लडीत सुमारे २००० फुल्या निघतात, तेव्हा दाट नक्षीला लाल चार लड्या एकदमच, एकाच लॉटच्या घ्या. ओलं पांढरं फडकं दोऱ्यावर दाबून रंग सुटतो का बघा. लाल हमखास दगा देतो.

सुईदोरा: आणि 'अमुक गावचीच नक्षी' असा हट्ट नको. १९४८ च्या युद्धात सात लाखांवर पॅलेस्टिनी माणसं विस्थापित झाली, वेगवेगळ्या गावांच्या बायका छावणीत शेजारी-शेजारी बसून भरू लागल्या आणि एकमेकींच्या नक्ष्या उचलू लागल्या. एकाच झग्यावर दोन-तीन गावं सापडतात. गुलाब आणि पक्षी तर १९३० च्या सुमारास युरोपी दोऱ्यांबरोबर आलेल्या नमुना-पुस्तिकांतले. सरूचं झाड मात्र जुनं. त्यापासून सुरुवात करा, खोड मध्यावर धरलं की दोन्ही बाजू आपोआप जुळतात.

मोजणीवाली: कसुतीतली (कर्नाटकी भरतकामातली) मेंथी म्हणजे हीच फुली ना?

फुलीटाका: टाका तोच. पण कसुतीत ती भराव्यापुरती, बाकी नक्षी गवंती (दुहेरी धावदोरा) आणि मुर्गी (नागमोडी धावदोरा) या टाक्यांची. इथे सगळा डोलारा फुलीवर. मागची बाजूही बघतात, म्हणून गाठ मारू नका. दोऱ्याचं टोक चार-पाच टाक्यांखालून सरकवा.