चालू प्रोग्राममध्ये बनवलेलं पॅनल फ्री केलं की ॲक्सेस व्हायोलेशन (डेल्फी ११ आणि त्याची खिडक्या-बटनांची लायब्ररी व्हीसीएल)

मोरजीकर
किनाऱ्यावरच्या शॅकसाठी बिलिंगचा प्रोग्राम आहे. टेबलं ठरावीक नाहीत. भरती आली की पुढची रांग उचलतात, रात्री परत मांडतात, त्यामुळे टेबलाचं पॅनल डिझाइनरमध्ये न ठेवता कोडमधून बनवतो. पॅनलवर एक लेबल आणि 'ऑर्डर', 'उठले' अशी दोन बटनं. ओनर सगळ्यांचा फॉर्मच, नाव 'टेबल' अधिक नंबर. जास्तीत जास्त ४० टेबलं.

तीन गोष्टी अडल्या आहेत.
'उठले' दाबल्यावर आधी पॅनलचा पेरेंट निल करत होतो. पॅनल जातं, पण तोच नंबर परत मांडला की 'या नावाचा कंपोनंट आधीच आहे' असा एरर.
मग पेरेंट निल करण्याऐवजी त्याच क्लिकमध्ये पॅनल फ्री केलं. दहादा नीट चालतं, अकराव्यांदा ॲक्सेस व्हायोलेशन, म्हणजे नको त्या मेमरीला हात लावल्याचा एरर.
रात्री हिशेब बंद करताना सगळी पॅनलं काढायला ० पासून कंट्रोलकाउंट वजा १ पर्यंत लूप लावला, तर अर्धी टेबलं राहतात आणि 'लिस्ट इंडेक्स आउट ऑफ बाउंड्स' येतं.

फोंड्याचा पास्कलवाला
तिसरं सोपं, ते आधी. एक पॅनल फ्री केलं की मागची सगळी एक घर पुढे सरकतात. ६ पॅनलं असतील तर तुमचा लूप मूळचं पहिलं, तिसरं, पाचवं काढतो. मग इंडेक्स ३ मागतो तेव्हा उरलेली ३ असतात, म्हणजे शेवटचा इंडेक्स २. फॉर लूपची वरची मर्यादा सुरुवातीला एकदाच मोजली जाते, म्हणून तो थांबत नाही. डाउनटू वापरून शेवटापासून ० पर्यंत या.

पहिल्यात ओनर आणि पेरेंट यांची गल्लत आहे. पेरेंट म्हणजे कंट्रोल ज्याच्या अंगावर दिसतो तो; ओनर म्हणजे स्वतः मरताना त्याला फ्री करणारा. पेरेंट निल केल्याने पॅनल फक्त पडद्यावरून गेलं, फॉर्मच्या कंपोनंट यादीत ते नावासकट जिवंत आहे. म्हणून नावाची टक्कर, आणि दर वेळी थोडी मेमरी अडकते ती वेगळी. भाटात (दुसऱ्याच्या बागायतीत) उभ्या घरासारखं समजा: पेरेंट हे भाट. फक्त अशा घरात राहणाऱ्याला बाहेर काढू न देणारा गोव्याचा १९७५ चा मुंडकार कायदा इथे लागू नाही, भाट फ्री झालं की त्यावरची घरंही जातात. म्हणजे पॅनल फ्री करताना आतली लेबल-बटनं वेगळी फ्री करायची गरज नाही. ती जाताना ओनरच्या यादीतून स्वतःचं नाव काढून घेतात, दोनदा फ्री होत नाहीत.

नाव मुळात देऊच नका. रिकामं नाव कितीही कंपोनंटना चालतं. टेबल नंबर पॅनलच्या टॅगमध्ये (कंपोनंटसोबत ठेवता येणारा मोकळा आकडा) ठेवा.

डिचोली_६४बिट
दुसऱ्याचं कारण: क्लिकचा इव्हेंट संपला तरी बटनाचं काम संपलेलं नसतं. विंडोज क्लिकची खबर बटनाच्या पेरेंटला, म्हणजे पॅनलला देतं. पॅनल ती बटनाकडे परतवतं, बटन तुमचा हँडलर, म्हणजे क्लिकसाठी लिहिलेली प्रोसिजर, बोलावतं. हँडलर संपला की नियंत्रण याच वाटेने परत जातं आणि वाटेत बटन व पॅनल दोघांच्या मेथड अर्धवट उभ्या असतात. तुम्ही दोघांनाही मधेच फ्री केलंत. सोडलेल्या मेमरीवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत सगळं ठीक वाटतं, म्हणून ते 'दहादा'. फ्रीअँडनिलने काही फरक पडत नाही. तो तुमचा व्हेरिएबल निल करतो, व्हीसीएलच्या स्टॅकवरचा सेल्फ (अर्धवट उभ्या मेथडकडचा बटनाचा पॉइंटर) नाही.

फ्री पुढे ढकला. हँडलरमध्ये आधी पॅनल डिसेबल करा, मग पोस्टमेसेजने फॉर्मला डब्ल्यूएम_ॲप अधिक १ पाठवा आणि त्यासोबत पॅनलचा पॉइंटर न देता टेबल नंबर द्या. मेसेज आल्यावर नंबरावरून पॅनल शोधायचं, सापडलं तर फ्री, नाही तर सोडून द्यायचं. घाईत दोनदा दाबलं गेलं आणि पॉइंटर पाठवलेला असला, तर दुसरा मेसेज मेलेल्या पॅनलला हात घालेल.

सेंडमेसेज नको, तो तिथल्या तिथे चालतो. टीथ्रेडचा क्यू पण नको: मेन थ्रेडमधून बोलावला तर लगेच चालतो. फोर्सक्यू खरोखर पुढे ढकलतो.

म्हापसा_शुक्रवार
लॅझरस (डेल्फीसारखंच मोफत साधन) वाल्यांसाठी: तिथे ॲप्लिकेशनचं रिलीजकंपोनंट फ्री पुढे ढकलण्याचं हेच काम करतं.

पॅनल हाताने रचण्यापेक्षा फ्रेम बरी, डिझाइनरमध्ये दिसते तरी. पण फ्रेम आपलं डिझाइनमधलं नाव घेऊन येते. एकाच ओनरखाली दुसरी बनवताना पुन्हा तोच नावाचा एरर, म्हणून क्रिएटच्या लगेच पुढच्या ओळीत नाव रिकामं करा. फ्रेमची मापं डिझाइनमधून आपोआप स्केल होतात. पेरेंट दिल्यावर कोडमध्ये हाताने लिहिलेली होत नाहीत. १२५ टक्क्यांच्या स्क्रीनवर (९६ ऐवजी १२० डीपीआय) ११० रुंदी मल्डिव(११०, १२०, ९६) करून १३८ द्यावी लागते.

मांडणीला फ्लोपॅनल घ्या. मधलं टेबल गेलं की बाकीची आपोआप सरकतात. एकदम २०-३० बनवताना आधी डिसेबलअलाइन, शेवटी फायनलीमध्ये एनेबलअलाइन, नाही तर प्रत्येक पॅनलला सगळी मांडणी नव्याने होते आणि स्क्रीन फडफडतो.

फोंड्याचा पास्कलवाला
पॅनलं शोधायला ऑब्जेक्टलिस्ट ठेवणार असाल तर ओन्सऑब्जेक्ट्स फॉल्स ठेवा. ओनर फॉर्म आहेच. दोन मालक केले की फॉर्मने आधी फ्री केलेलं लिस्ट पुन्हा फ्री करायला जाते.

डिचोली_६४बिट
खरं सांगायचं तर ४० टेबलांसाठी मी फ्री करणारच नाही. सुरुवातीला ४० पॅनलं बनवायची आणि नुसतं व्हिजिबल बदलायचं. लेबलला विंडो हँडल (विंडोजकडची स्वतंत्र खिडकी म्हणून नोंद) नसतं, म्हणजे पॅनलमागे ३ हँडल, एकूण १२०. एका प्रोसेसची यूजर ऑब्जेक्टची मर्यादा मुळात १०,००० असते. फॉर्मचा कंपोनंटकाउंट एखाद्या लेबलवर दाखवून पाहा. आता टेबलं उठवून परत मांडताना आकडा चढतच जात असेल, तर पेरेंट निल करणारी ओळ अजून कुठेतरी राहिली आहे.

मोरजीकर
आकडा पाहिला, चढत होता. टेबल बदलण्याच्या मेनूत ती ओळ राहिली होती. लपवण्याचाच मार्ग घेतो. त्यात काय फसतं?

डिचोली_६४बिट
लपवलेल्या पॅनलवरच्या बटनाला सेटफोकस केलं तर एरर येतो, आधी फोकस दुसरीकडे न्या. आणि परत दाखवताना ऑर्डरची यादी, टॅग, रंग, डिसेबल केलेली बटनं सगळं एकाच प्रोसिजरमध्ये मूळपदावर आणा. क्रिएट जे फुकट देत होतं ते आता तुमच्याकडे आलं. यादी विसरलात तर उठून गेलेल्याची सुरमई नव्याच्या बिलात.