मागितलेले फोटो आणि न मागितलेले

फ्रीलान्स फोटोग्राफी करणाऱ्यांसाठी हा अनुभव धागा. अलीकडे केलेलं एखादं काम लिहा, आणि त्याच सुमारास कुणी न सांगता, कुणी पैसे न देता काढलेला एखादा फोटोही लिहा. दोन्हींचा एकमेकांशी संबंध लागला तर उत्तम, नाही लागला तरी चालेल. कॅमेऱ्यांच्या मॉडेलची यादी नको, काम कसं निभावलं ते हवं. क्लायंटची नावं टाळूया.

माझ्यापासून सुरुवात करते. नुकतीच एक परिषद केली. मंचामागे भिंतभर एलईडी स्क्रीन, आणि आयोजकांची अट की शटरचा आवाज येता कामा नये. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर (पडदा न हलवता, आवाज न करता चालणारं) आलं, आणि त्याच्यासोबत फोटोत पट्टेही आले. बहुतेक सेन्सर (कॅमेऱ्यातली फोटो टिपणारी चिप) ओळीओळीने वाचले जातात आणि सभागृहातले स्वस्तातले दिवे सतत लुकलुकत असतात. वीज ५० हर्ट्झची असेल तर सेकंदाला १०० वेळा, ६० ची असेल तर १२० वेळा. शटर फार वेगात ठेवला की काही ओळींना उजेड मिळतो, काहींना मिळत नाही, आणि वक्त्याच्या कपाळावर आडव्या रेघा उमटतात. वेग सेकंदाच्या १/१०० वर (किंवा १/१२० वर) आणला की प्रत्येक ओळीच्या वाट्याला एक पूर्ण लुकलुक येते आणि रेघा जातात. मागच्या स्क्रीनचं गणित मात्र निराळं. तिथे आधी जाऊन चाचणीचे फोटो काढण्यावाचून इलाज नसतो.

पण १/१०० ला हातवारे करणारा माणूस हलतोच. म्हणून वाक्य संपवून तो श्वास घेतो तेवढ्यात बटण दाबायचं. ही खोड आता घरातही लागली आहे. आई फोनवर असते तेव्हाचे माझ्याकडे बरेच फोटो आहेत, आणि त्यातल्या एकातही ती बोलत नाहीये. सगळ्यांत ऐकते आहे. पलीकडून काय बातमी आली असेल ते तिच्या भुवयांवरून कळतं. परिषदेचा एकही फोटो मी पुन्हा उघडून पाहिलेला नाही, हे पाहते अधूनमधून.

आता तुम्ही लिहा.

*

मी वस्तूंचे फोटो काढते. सध्या काचेच्या बाटल्या. पारदर्शक काचेवर समोरून लाईट मारून काही मिळत नाही. मागे पांढरा पडदा उजळायचा, आणि बाटलीच्या दोन्ही बाजूंना फ्रेमच्या जरा बाहेर काळे पुठ्ठे उभे करायचे. त्यांचं काळं काचेच्या कडांत उतरतं आणि बाटलीला रेघ मिळते. काळ्या पार्श्वभूमीवर नेमकं उलट: मागे काळं, बाजूंनी उजेड, कडा पांढऱ्या.

त्याआधी चकचकीत स्टीलची भांडी होती. पोलरायझर (लेन्सवर लावायचा, चमक कापणारा फिल्टर) लावला की चमक जाईल असा क्लायंटच्या माणसाचा आग्रह होता. काच, पाणी, वार्निश यांच्यावर तो चालतो, उघड्या धातूवर जवळजवळ नाही. शेवटी भोवती पांढऱ्या कापडाचा तंबू केला, एका फटीतून लेन्स आत घातली. भांड्यात दिसायचंच असेल तर निदान माझं तोंड दिसू नये!

स्वतःसाठी काय काढते? बसच्या खिडकीतली प्रतिबिंबं. आतले प्रवासी आणि बाहेरची दुकानं एकमेकांवर चढलेली, कुणाच्या खांद्यावरून पाटी चाललेली. दिवसभर जे पुसून काढायचं तेच परतताना गोळा करायचं. यात लायटिंग नाही, ट्रायपॉड नाही, आणि फोनचा कॅमेरा काचेला टेकवायचाही नाही, कारण टेकवला की प्रतिबिंब गेलंच.

*

घरांच्या अंतर्गत सजावटीचे फोटो. कॅमेरा साधारण छातीच्या उंचीवर, भिंतींच्या उभ्या रेषा सरळ, खोलीतले दिवे बंद. पिवळ्या बल्बचा रंग २७०० केल्विनच्या (उजेडाचा रंग मोजायचं एकक) आसपास आणि खिडकीतल्या दुपारच्या उजेडाचा ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की अर्धी भिंत निळी, अर्धी नारिंगी. खिडकीबाहेरचं दिसायला हवं असेल तर ट्रायपॉड न हलवता वेगवेगळ्या एक्स्पोजरचे, म्हणजे कमी-जास्त उजेड घेतलेले, फोटो काढून नंतर जोडायचे. हे सगळ्यांना माहीत असतं, पुढे जातो.

शूटच्या आधी खोली ‘रिकामी’ करतात. चार्जर, औषधांच्या पट्ट्या, मोडकं खेळणं, न उघडलेली पत्रं, सगळं उचलून फ्रेमबाहेरच्या एका कोपऱ्यात रचतात. तो ढीग मी घरातल्या माणसांना विचारून काढतो. काहीजण नको म्हणतात, मग नाही. हो म्हणणारे आधी हसतात, मग एकेक वस्तू नीट ठेवायला लागतात, आणि त्यांना थांबवणं हेच माझं काम होऊन बसतं. त्या मालिकेतला प्रत्येक फोटो मला विकलेल्या फोटोपेक्षा जास्त त्या घरासारखा वाटतो. क्लायंटला त्याचा उपयोग शून्य, हेही खरं.

*

वेगळं मत मांडतो. मी स्वतःसाठी फोटो काढत नाही. शूट संपला की कॅमेरा बॅगेत. पैसे घेऊन काढलेला फोटो ‘कमी खरा’ असतो हे मला पटत नाही. गेल्या आठवड्यात रंगीत तालमीचं काम केलं. काळा पडदा, एकाच चेहऱ्यावर उजेड. कॅमेऱ्याच्या मीटरला सगळीकडे अंधारच दिसतो, तो फोटो उजळायला बघतो आणि चेहरा पांढराफटक होतो. एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली ओढून, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) ६४०० वर, नटी संवाद विसरल्याचा क्षण मिळाला. तो मला कुणी मागितला नव्हता, पण पैसे त्याच दिवसाचे होते. कुठल्या खात्यात टाकायचा?

*

(धागाकर्ती) वरच्या दादांचा मुद्दा बरोबर आहे, माझी विभागणी जरा ढोबळच होती. पण उलटी बाजूही आहे. सॉल लायटर (१९२३–२०१३) वर्षानुवर्षं ‘हार्पर्स बाझार’सारख्या मासिकांसाठी फॅशनचे फोटो काढत होता, आणि त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये घराजवळच्या रस्त्यांवर धुकट काचा, छत्र्या आणि बर्फ रंगीत फिल्मवर टिपत होता. त्या रंगीत फोटोंना मोठा प्रेक्षक मिळाला तो २००६ नंतर, लायटर ऐंशी पार झाल्यावर. आज त्याचं नाव निघतं ते मुख्यतः न मागितलेल्या फोटोंसाठी. आणि गंमत म्हणजे त्याच्या फॅशनच्या फोटोंतही तीच सवय दिसते: मॉडेल कडेला, मधे कसलातरी आडोसा.

*

मला पैशांच्या बाजूबद्दल लिहायचंय. एका कंपनीच्या अंतर्गत पत्रिकेसाठी मी कर्मचाऱ्यांचे पोर्ट्रेट काढले. काही महिन्यांनी त्यातला एक चेहरा रस्त्यावरच्या जाहिरात फलकावर. करारात वापर कुठे, किती काळ आणि कशासाठी ते लिहिलेलं होतं, म्हणून बोलता आलं आणि वेगळे पैसे मिळाले. ज्याचा चेहरा होता त्याला मात्र कुणी विचारलंच नव्हतं, आणि माझ्या करारात त्याच्यासाठी काही कलम नव्हतं. आता वेगळं संमतिपत्र घेते.

नव्यांसाठी: सांगून काढून घेतलेल्या फोटोचा हक्क कुणाचा, हे देशोदेशी वेगळं आहे. काही ठिकाणी करारात काही लिहिलं नसेल तर तो काम देणाऱ्याकडे जातो. ‘मी काढला म्हणजे माझा’ हे गृहीत धरू नका, आधी लिहून घ्या. १९४७ साली मॅग्नम ही फोटोग्राफरांची सहकारी संस्था उभी राहिली तीही बऱ्याच अंशी याच कारणाने. हक्क मासिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे राहावा म्हणून.

न मागितलेले फोटो हक्काच्या बाबतीत निर्धास्त. मी शेजारच्या आजोबांचे हात काढते, ते रेडिओ दुरुस्त करतात. तोंडी परवानगी आहे, मोबदला म्हणून प्रत्येक प्रिंट द्यावी लागते. सोल्डरिंगचा धूर खिडकीतून मागून आलेल्या उजेडातच दिसतो, त्यामुळे बसायची जागा ते ठरवतात आणि वेळ मी.

*

ताईंनी संमतिपत्राचं लिहिलं ते फार बरं झालं. माझं छोटंसं. कामाच्या फाइल्स मी तीन ठिकाणी ठेवतो, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक प्रत घराबाहेर. कॅमेऱ्यातही एकाच वेळी दोन कार्डांवर लिहिलं जातं. मुलाचे, बायकोचे, स्वतःच्या जिन्याचे फोटो मात्र फोनमध्ये, एकच प्रत. धागा वाचून आज ते उतरवायला घेतलेत. कुणी घरच्या फोटोंना नावं, तारखा, कीवर्ड देतं का? कामाच्या फोल्डरला क्लायंट आणि तारीख पुरते, इथे काय लिहायचं तेच सुचेना.

*

(धागाकर्ती) मी वर्ष-महिना आणि जागा लिहिते, माणसांची नावं कीवर्डमध्ये. ‘आई फोनवर’ असा एक कीवर्डही आहे. तुमची पद्धत असेल तर सांगा. आणि खेळांचे सामने करणाऱ्यांपैकी अजून कुणीच आलेलं नाही. तुमचा अनुभव मला खास वाचायचाय, कारण सेकंदाला वीस फ्रेम काढून आल्यावर घरी एक फ्रेम कशी निवडता, हे कळत नाही.