मदत हवी आहे: फिरत्या बायोरिअॅक्टरमध्ये तिसऱ्या दिवशी बुडबुडा, पेशी मरताहेत

निशिगंधा_प
तातडीने मदत हवी आहे. सूक्ष्मगुरुत्वाच्या (जवळजवळ वजनरहित अवस्थेच्या) प्रयोगासाठी मानवी ऑस्टिओब्लास्ट, म्हणजे हाड घडवणाऱ्या पेशी, फिरत्या भांड्यात वाढवतेय. दोन दिवस सगळं छान चालतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बघावं तर भांड्यात मोठा बुडबुडा, पेशी ज्यांना चिकटून वाढतात ते मणी एका कडेला गोळा झालेले आणि निम्म्याहून जास्त पेशी मेलेल्या. सलग तिसऱ्यांदा झालंय. सगळ्या पेशी एकाच दात्याच्या आहेत, आता एकाच खेपेपुरत्या उरल्यात. सोमवारी लावायच्या आहेत. बुडबुडा काढता येतो मला, कृपया ते सांगू नका. तो येतो कुठून?

पेशीवाला
भांडं किती मिलीचं? मणी कोणते? वेग किती? हे लिहिल्याशिवाय कोण काय सांगणार?

निशिगंधा_प
५० मिली, चपटं, मागे सिलिकॉनचा पडदा. मणी सायटोडेक्स-३. आरपीएम १२.

गगनवेधी
आरपीएम असेल तर मणी कडेला जमायलाच नकोत. दोन्ही चौकटी फिरताहेत का ते आधी बघा.

पेशीवाला
अहो, त्या ‘मिनिटाला १२ फेरे’ असं म्हणताहेत. तुमचं ते दोन चौकटींचं आरपीएम, रँडम पोझिशनिंग मशीन, नाहीये त्यांच्याकडे.

गगनवेधी
मग तेच वापरा असं मी म्हणेन. एकाच अक्षावर फिरवून सूक्ष्मगुरुत्व मिळतं हे मला पटलेलं नाही. मी चार वर्षं दोन अक्षांच्या यंत्रावर काम केलंय.

मृणाल_ज
त्यातही गुरुत्व जात नाही, फक्त त्याची दिशा सतत बदलत राहते. फिरत्या भांड्याची गंमत वेगळी आहे: आतलं माध्यम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, भांड्याबरोबर अखंड फिरतं, मणी सतत पडत राहतात पण तळाला पोचत नाहीत, आणि पेशींना घासणारा ताण फार कमी असतो. बुडबुडा आला की हेच बिघडतं, त्याच्याभोवती प्रवाह ढवळतो. धागा बुडबुड्याचा आहे, त्यावर बोलूया.

अथांग
अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी होते. त्यासाठी तिथे रोज दोनेक तास व्यायाम ठेवलेला असतो. तुमचं संशोधन फार मोलाचं आहे.

निशिगंधा_प
धन्यवाद, पण माझा प्रश्न तो नाही.

पेशीवाला
मणी नेमके कुठे जमतात? भांडं फिरत असताना खालच्या बाजूला राहत असतील तर वेग कमी पडतोय. सगळ्या कडेने कडं होत असेल तर वेग जास्त आहे. पेशी चिकटून गोळे मोठे झाले की ते जोरात पडतात, वेग थोडा वाढवावा लागतो. आणि पेशी मण्यांना आधी स्थिर बशीत चिकटवता ना? चार तास तरी द्या.

मृणाल_ज
मी कधीच देत नाही. स्थिर ठेवलं की मणी एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात. थेट भांड्यात, कमी वेगाने सुरुवात.

पेशीवाला
माझे गठ्ठे झालेले नाहीत. दर तासाला बशी हलक्या हाताने हलवायची.

निशिगंधा_प
खालच्या बाजूला राहतात. पण आधी बुडबुडा दिसतो, मग मणी जमतात. चिकटवण्यावर नंतर भांडा, प्लीज.

मृणाल_ज
बरं. माध्यम फ्रिजमधून काढून थेट भरता का? थंड माध्यमात वायू जास्त विरघळलेला असतो, गरम झाला की बाहेर पडतो. पण तो बुडबुडा काही तासांतच दिसायला हवा. तुमचा तिसऱ्या दिवशी येतोय, म्हणजे आतलं काहीतरी कमी होतंय. पोर्टच्या टोप्या घट्ट आहेत? इनक्युबेटरमधली आर्द्रता किती?

निशिगंधा_प
टोप्या घट्ट आहेत. माध्यम ३७ अंशांवर रात्रभर ठेवते. पाण्याचा ट्रे काढलाय, मोटर गंजू नये म्हणून.

मृणाल_ज
ट्रे काढलाय!! हे पहिल्या ओळीत हवं होतं ताई. सिलिकॉनच्या पडद्यातून ऑक्सिजन आत येतो तशी पाण्याची वाफही बाहेर जाते. कोरड्या हवेत माध्यम आटतं, जागा रिकामी होते, तोच तुमचा बुडबुडा. शिवाय उरलेलं माध्यम खारट होतं, क्षारांचं प्रमाण वाढतं, पेशी त्यानेही मरतात. उरलेल्या माध्यमाची ऑस्मोलॅलिटी, म्हणजे त्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण, मोजून बघा.

गगनवेधी
हे मात्र बरोबर वाटतं. मोटरचा कंट्रोलर बाहेर ठेवता येतो, चपटी तार दाराच्या रबरातून जाते.

अथांग
रशियाच्या मीर अंतराळ स्थानकावर १९९६-९७ मध्ये गाईच्या कूर्चेच्या पेशी चार महिने अशाच फिरत्या भांड्यात वाढवल्या होत्या. जमिनीवर वाढवलेल्यांपेक्षा त्या ऊती जास्त गोल आणि कमजोर निघाल्या. तिथे तर बुडबुडा काढणंही अवघड, ‘वर’ अशी दिशाच नसते की तो वर येईल.

निशिगंधा_प
मागच्या खेपेचं माध्यम ठेवलं होतं, मोजलं. ताजं २९०, ते ३८०. ट्रे परत ठेवला. पेशी न घालता नुसते मणी आणि माध्यम भरून भांडं लावलंय, सोमवारपर्यंत कळेल. मृणाल, ट्रेमध्ये नुसतं निर्जंतुक पाणी की बुरशीसाठी काही घालता?

पेशीवाला
कॉपर सल्फेट घाला.

मृणाल_ज
नुसतं ऑटोक्लेव्ह केलेलं पाणी, दर आठवड्याला बदलायचं. मोटरजवळ कॉपर सल्फेट मी तरी ठेवणार नाही.