होमलॅबसाठी (घरच्या सरावाच्या लॅबसाठी) जुना रॅक सर्व्हर घेऊ का? बजेट २५ हजार

सातपूर_सपोर्ट
नमस्कार मंडळी, मी नाशकात एका कंपनीत डेस्कटॉप सपोर्टला आहे, म्हणजे दिवसभर प्रिंटर, पासवर्ड रिसेट आणि "नेट चालत नाही जरा बघ ना". यातून बाहेर पडून नेटवर्क साइडला जायचंय, सीसीएनए (सिस्कोची नेटवर्किंग परीक्षा) द्यायचा विचार आहे आणि सोबत व्हर्च्युअलायझेशन (एका मशीनवर अनेक व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणं) पण, कारण जॉबला जिथे बघावं तिथे दोन्ही मागतात. एका जुन्या मालवाल्याकडे डेलचा आर७१० सर्व्हर आहे, दोन झिऑन प्रोसेसर, ७२ जीबी रॅम, १८ हजार म्हणतोय, घासाघीस केली तर अजून खाली येईल. ७२ जीबी ऐकून झोप उडालीय खरं सांगायचं तर. पण घर वन बीएचके आणि वडिलांचं लाइट बिलावर बारीक लक्ष असतं. सध्या ८ जीबीचा लॅपटॉप आहे, आय५ वाला. घेऊ का सर्व्हर? की पॅकेट ट्रेसरवरच (सिस्कोचा सिम्युलेटर) भागेल? आणि व्हीएम चालवायला प्रॉक्समॉक्स शिकू की व्हीएमवेअर?

पॅकेटपंत
भाऊ, तो सर्व्हर आहे तिथेच राहू दे. आर७१० नुसता रिकामा बसला तरी दीडशे वॅटच्या आसपास खातो, दिवसरात्र चालू ठेवलास तर महिन्याला १०८ युनिट एकट्या त्याचेच, आत्ता घरचं बिल १०० युनिटच्या आत येत असेल तर थेट वरच्या स्लॅबमध्ये जाशील. पंख्यांचा आवाज वेगळाच, वन बीएचकेमध्ये कोणी झोपणार नाही. आणि ते २००९ सालचं मशीन आहे, प्रोसेसरमध्ये एव्हीएक्स२ (नव्या प्रोसेसरमधल्या जादा सूचना) नाही, त्यामुळे रेड हॅट लिनक्स १० त्यावर चालणारच नाही. नोकरीत जे समोर येणार तेच बसणार नसेल तर ७२ जीबीचं काय लोणचं घालायचंय?

ऑफिसांमधून निघालेले मिनी पीसी बघ. डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी, लेनोव्होचा थिंकसेंटर टायनी, तिन्ही एकाच जातीचे. आठव्या जनरेशनचा आय५-८५००टी मिळाला तर सोनं, सहा कोर येतात, त्याआधीच्या आय५ मध्ये चारच. रिकामा असताना १०-१५ वॅट, म्हणजे महिन्याला ११ युनिटच्या आत. घेताना दुकानातच चालू करून बायोस उघडून बघ, कारण कंपन्यांचे लॉक केलेले डबे तसेच बाजारात येतात आणि आत व्हीटी-एक्स (व्हीएम चालवायला लागणारी प्रोसेसरची सोय) बंद असेल तर पासवर्डशिवाय चालू करता येत नाही, मग बस बोंबलत. आणि डेलचा घेतलास तर ॲडॅप्टर ओरिजिनलच माग, भलता लावला तर तो ओळखत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम स्लो करून ठेवतो.

रूटताई
पंतांशी सहमत. फक्त एक, डबा घरी येईपर्यंत थांबू नकोस, ८ जीबीच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून अर्ध्या अर्ध्या जीबीचे दोन-तीन डेबियन लिनक्सचे व्हीएम आरामात चालतात, अर्थात डेस्कटॉप न टाकता. मिनी पीसीला मात्र १६ जीबी तरी हवेच, जमलं तर ३२.

प्रॉक्समॉक्स की व्हीएमवेअर, तर घरी प्रॉक्समॉक्स. व्हीएमवेअरची मालक ब्रॉडकॉम, तिने फुकटचा ईएसएक्सआय (व्हीएमवेअरचा प्रॉक्समॉक्ससारखा प्रकार) फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद केला, मग एप्रिल २०२५ मध्ये परत आणला, उद्या काय करतील देव जाणे. फुकटचा व्ही-सेंटरला (अनेक सर्व्हर एकत्र सांभाळायचं साधन) जोडता येत नाही ते आहेच. व्हीएमवेअरचं वर्कस्टेशन प्रो आता सगळ्यांना फुकट आहे, ते लॅपटॉपवर ठेव. एक शिकलं की दुसऱ्यात फक्त मेनू शोधावे लागतात. बरं, प्रॉक्समॉक्सचा डबा वायरनेच राउटरला जोड, वायफायवर ब्रिज (व्हीएमना नेटवर्कला जोडणारा आतला स्विच) चालत नाही, ॲक्सेस पॉइंट एका क्लायंटकडून एकच मॅक ॲड्रेस (नेटवर्क कार्डाचा पत्ता) धरतो, व्हीएमचे बाकीचे मॅक तो टाकून देतो.

आता खरी मजा. इन्स्टॉल केल्यावर व्हीएमबीआर० नावाचा ब्रिज आपोआप बनतो, तो घरच्या लॅनवर. तू व्हीएमबीआर१ बनव आणि ब्रिज पोर्टचा रकाना कोरा सोड, म्हणजे हा कुठल्याच खऱ्या पोर्टला जोडलेला नाही. मधे पीएफसेन्सचा (राउटर-फायरवॉलचा) व्हीएम ठेव, एक पाय शून्यात, एक पाय एकमध्ये, आणि बाकी सगळी वस्ती एकवर. त्याचा डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) आतच राहतो, नाहीतर घरातल्या टीव्हीला आणि आईच्या मोबाइलला पण तोच पत्ते वाटत सुटेल आणि तुझी लॅब त्याच दिवशी बंद होईल.

मग आतल्या एका व्हीएमवर टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं साधन) लाव, डीएचसीपीचे पोर्ट ६७ आणि ६८, आणि दुसऱ्या व्हीएमला जुना पत्ता सोडून नवा मागायला लाव. डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट. ब्रॉडकास्ट असेल ते सगळं दिसेल, एखादं उत्तर थेट त्या व्हीएमच्याच पत्त्यावर गेलं तर दिसणार नाही, मग तोच डम्प पीएफसेन्सवर लावून बघ, तिथे ॲकसकट चारही दिसतात. आता पीएफसेन्समधला डीएचसीपी बंद कर आणि परत तसंच करून बघ. नुसतं डिस्कव्हर, डिस्कव्हर, कोणी उत्तरच देत नाही, आणि तो व्हीएम विंडोजचा असेल तर शेवटी १६९.२५४ वाला पत्ता स्वतःच लावून घेतो. तुझ्याकडे "नेट चालत नाही" म्हणून जे कॉल येतात त्यातले काही अगदी हेच असतात, फक्त तिथे तुला आतलं दिसत नाही.

अजून एक सांगून ठेवते, पिंग जातंय पण वेबसाइट उघडत नाही असं झालं तर डीएनएसच्या (नावावरून पत्ता शोधणाऱ्या सेवेच्या) मागे रात्र घालवू नको, पीएफसेन्समध्ये हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद कर आणि रिबूट मार. प्रॉक्समॉक्सच्या व्हर्टआयओ (व्हर्च्युअल) नेटवर्क कार्डावर हे करावंच लागतं.

केबलकिडा
सगळं डब्यात कोंबायला माझा थोडा विरोध आहे. सीसीएनएच्या पेपरापुरतं पॅकेट ट्रेसर पुरतं, मान्य, पण त्यात केबल कधीच खराब होत नाही ना. खऱ्या केबलची निळी किंवा तपकिरी जोडी तुटली की गिगाबिट पोर्ट गपचूप १०० एमबीपीएसवर येतो, कारण गिगाबिटला चारही जोड्या लागतात आणि १०० ला दोनच, लिंकचा दिवा मात्र मस्त लुकलुकत असतो आणि युजर म्हणतो फाइल कॉपी व्हायला वेळ लागतोय. हे कुठलं सिम्युलेटर शिकवतं?

उरलेल्या पैशात एक तर टीपी-लिंकचा टीएल-एसजी१०८ई घे, आठ पोर्ट, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) करता येतात, आवाज शून्य. नाहीतर जुना सिस्को २९६० स्विच शोध, पुण्यात असशील कधी तर तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात) चक्कर मार. त्याला कन्सोल केबल लागते, पुटी नावाच्या प्रोग्राममध्ये ९६०० स्पीड, आणि आधीच्या मालकाचा पासवर्ड असणारच, मग मोड बटण दाबून धरून पॉवर द्यायचा आणि जुनी कॉन्फिग बाजूला सारायची. आवाज करतो पण, रोज दोन तास चालव आणि बंद कर. प्रॉक्समॉक्सचा व्हीएमबीआर० व्हीलॅन अवेअर करून एका केबलवरून दोन-तीन व्हीलॅन या स्विचपर्यंत आणून दाखव, हाच ट्रंक, तेवढं जमलं तर इंटरव्ह्यूमध्ये ट्रंक म्हणजे काय विचारल्यावर पाठ केलेलं बोलावं लागत नाही.

रूटताई
२९६० ला विरोध नाही पण आधी डबा, मग स्विच. दोन्ही एकदम घेतलं की एकही धड होत नाही.

सातपूर_सपोर्ट
धन्यवाद सगळ्यांना, सर्व्हरचं डोक्यातून काढलं, मिनी पीसी आणि मग टीपी-लिंक. अजून एक, दुपारी सुट्टीत ऑफिसमधून घरची लॅब उघडता येईल का? राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग करून बघितलं आत्ताच, साधा वेब सर्व्हर लावून, काही होत नाही. लोकल फायबर आहे.

पॅकेटपंत
राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघ. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कुठलाही असेल तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे बाहेर दिसणारा पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला, तुझा एकट्याचा नाहीच, कितीही फॉरवर्ड केलंस तरी बाहेरून येणारं ट्रॅफिक तुझ्या राउटरपर्यंत पोचतच नाही. फायबरवाल्याला स्टॅटिक आयपी विचार, काही जण जादा पैसे घेऊन देतात. नाहीतर टेलस्केल (व्हीपीएनचा प्रकार), लॅबमधल्या एका छोट्या व्हीएमवर आणि तुझ्या मोबाइलवर टाक, त्याला पब्लिक आयपी लागत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर टाकू नको हां, आयटी पॉलिसीत अडकशील, मोबाइल डेटावरूनच बघ. आणि स्टॅटिक मिळाला तरी प्रॉक्समॉक्सचा ८००६ पोर्ट (त्याचं वेब पान) इंटरनेटवर उघडा टाकायचा नाही.