गल्लीतले जुने खेळ शूट करून, लिहून ठेवायचे का? तुमचं मत सांगा

चम्मा_पडला
माझं मत आधीच सांगतो, ठेवायचेच, आणि आत्ताच. आपल्या सोलापुरात विडी घरकुल, साखर पेठेतल्या आज्ज्या अजून फरशीवर खडूनं पाच बाय पाच घरं आखून अष्टाचम्मा खेळतात. कवड्या नसल्या तर चिंचोके फोडून त्याच्या चार फाका घेतात, चारही पांढऱ्या वर पडल्या तर चम्मा म्हणजे 4, चारही काळ्या तर अष्टा म्हणजे 8, आणि दोन्हीला परत डाव. कन्नड घरात हाच चौकाबारा, नियम जरा वेगळे. ही पिढी गेली की संपलं सगळं. मोबाईल प्रत्येकाकडं आहे, गल्लीवार रेकॉर्ड करा, कुठल्या घरात कसं खेळतात ते सगळं.

बाळीवेसचा_बाळ्या
काय उपयोग बे? कल्याणीच्या सोमेश्वर राजानं बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला, कल्याणी म्हणजे बसवकल्याण, इथनं काही फार लांब नाही. त्यात अख्खा एक भाग नुसता क्रीडांवर, वीस अध्याय. लिहून ठेवलंच होतं की मग, खेळतंय का कोण त्यातलं? खेळ मरतो तो जागा नसते म्हणून. आमच्या बोळात आट्यापाट्या आखायच्या तिथं आता टू-व्हीलर लावतात. व्हिडिओ काढायची हौस आहे त्यांनी आधी गाड्या हलवून दाखवा.

चम्मा_पडला
अरे पण लिहिलं म्हणूनच आज त्या खेळांवर बोलतोस ना तू. आणि खो-खोचं बघ. 1914 ला पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं नियम केले, 2025 ला दिल्लीत वर्ल्डकप झाला, भारताच्या पोरांनी आणि पोरींनी दोन्ही कप घेतले. आपल्या वेळापुरात पोरं खो-खोवर जीव टाकतात. नियम कागदावर आले नसते तर हे झालं असतं काय?

पाच_खडे
खो-खो कबड्डीचं उदाहरण देऊन फसवू नका हो. त्याला मैदान, पंच, सर्टिफिकेट सगळं मिळालं, आणि नियम एक झाल्यावर हुतूतूचे गल्लीगल्लीतले प्रकार गेले ते गेलेच, त्याचं कुणाला काही नाही. सागरगोट्यांचा संघ कधी ऐकलाय का? काचापाणीचा? पोरींनी उंबऱ्यात बसून खेळायचे खेळ म्हणून कुणी मोजलेच नाहीत.

तरी शूटिंग पाहिजे असं माझं मत, पण पाहुणे बोलवून मुलाखत घेतात तसलं नको. फक्त हात दाखवा. एक खडा वर उडवला की खालचे दोन एका झटक्यात मुठीत घ्यायचे, शेजारच्याला बोट लागता कामा नये, आणि वरचा पडायच्या आत झेलायचा. हे लिहून कुणाला येत नाही, मला तर आईनं हातावर चापट्या मारून शिकवलंय.

खडूवाले_गुरुजी
शाळेत हे आलं की काय होतं सांगू? एक दिवस 'पारंपरिक खेळ', बॅनर, चार फोटो, अहवाल वर पाठवला, झालं. विटीदांडू तर पोरांच्या हातात द्यायची सोय नाही, डोळ्याला लागलं तर पालक ऑफिसात. विटीदांडूतली मोजणी, वकट, लेंड, मूंड, नाल, म्हणून दाखवली तर पोरं हसतात, खेळले असते तर पाठ झालं असतं.

बाळीवेसचा_बाळ्या
गुरुजी बरोबर बोललात. वारीत बघा की, साठीच्या बाया दिंडीत फुगडी घालतात, त्यांनी काय व्हिडिओ बघून शिकली काय? मोकळा रस्ता मिळाला, पाय थिरकले.

चम्मा_पडला
आणि तुकोबांच्या गाथेत फुगडी, विटूदांडू, हमामा यांच्यावर अभंग आहेत ते आपल्यापर्यंत कसे आले रे? कुणीतरी वहीत उतरवले म्हणूनच ना.

बाळीवेसचा_बाळ्या
अभंग आले बे. हमामा कसा घालायचा ते सांग बघू तू.

चम्मा_पडला
तेच तर म्हणतोय मी, तेव्हा कुणी नीट लिहिलं नाही!!

पाच_खडे
भांडण बाजूला ठेवा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला सगळे होम मैदानावर येणारच, पाळण्याच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा पट आखून बसू, मी चिंचोके आणते. रेकॉर्ड करायचं त्यांनी करा, बाकीचे खेळा. फक्त एक आधी ठरवा, सलग तीनदा चम्मा पडला तर तिन्ही जळतात ना?

बाळीवेसचा_बाळ्या
जळतात कसले, आमच्याकडं तिन्ही धरतात.

चम्मा_पडला
हॅट, जळतातच. आज्जीला विचारून सांगतो.